बर्फातल्या ट्रेकसाठी एक दिवस राखीव हवाच

डिसेंबर ते मार्च या काळात नांदेड, परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगर येथून हिमाचल-उत्तराखंडातील बर्फाच्या ट्रेकला जाणाऱ्यांची संख्या आता बरीच वाढली आहे. गरम कपडे, बूट आणि दमसास यांची तयारी बहुतेकजण मनापासून करतात. परंतु परतीचे सचखंड एक्स्प्रेसचे आरक्षण निघण्याआधीच पक्के झालेले असते आणि मधला एकही दिवस मोकळा नसतो. मला खरी काळजी वाटते ती याच गोष्टीची.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातील उभी पिके गारपिटीने झोपवली, त्यात पश्चिमी विक्षोभांचा, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळी प्रणालींचा, वाटा होता. हिवाळ्यात हिमालयात बर्फवृष्टी घडवतात तेही हेच विक्षोभ. विक्षोभ पुढे सरकला की आकाश निळेभोर होते आणि प्रत्येकाला तत्काळ निघावेसे वाटते. मात्र हिमस्खलनाचा धोका नेमका याच वेळी सर्वाधिक असतो, कारण नव्या बर्फाने जुन्या थराला अजून धरलेले नसते. त्यात वारा असेल तर तो धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून पलीकडच्या आडोशाच्या उतारावर रचत राहतो, म्हणजे बर्फ पडायचा थांबला तरी त्या उतारावरचे ओझे वाढतच असते. एक-दोन दिवस थांबल्याने पुष्कळदा ताजा थर बसतो. ज्याची गाडी परवाची आहे, तो थांबू शकत नाही.

थांबूनही न जाणारा एक धोका असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो, जमीन त्यामानाने उबदार आणि वरची हवा कडाक्याची थंड. या तफावतीमुळे तळाच्या बर्फाचे हळूहळू टोकदार, सुटे दाणे होतात. हातात घेतले तर त्यांचा गोळा वळत नाही, ते साखरेसारखे बोटांतून निसटतात. त्यांच्यावर पुढे घट्ट थर साचला, तरी आतला कमकुवतपणा कित्येक आठवडे टिकतो. तो पाहण्याची साधी पद्धत म्हणजे फावड्याने खड्डा खणून 30 सेंटीमीटर लांबी-रुंदीचा एक खांब मोकळा करायचा, त्यावर फावड्याचे पाते आडवे ठेवायचे आणि आधी मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून प्रत्येकी 10 थापा मारायच्या. मनगटाच्या थापांतच वरचा ठोकळा सपाट कापल्यासारखा सरकला, तर त्या उतारावर जाऊ नये. निकाल चांगला आला, तरी तो त्या एका खड्ड्यापुरताच धरावा.

सह्याद्रीत मळलेली वाट भरवशाची, ही आपली सवय येथे घात करते. नऊ जण सुखरूप गेलेल्या उतारावर दहाव्याच्या पायाखाली अख्खा थर तुटू शकतो, आणि बळी पडलेल्यांपैकी बहुतेकांवर कोसळलेले हिमस्खलन त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनाने सुटलेले असते. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. मोबाईलमधल्या उतारमापकाने ते मोजता येतात. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर असा उतार असेल, तर आपण त्याच्या टप्प्यातच असतो. चालताना बर्फ आतून ‘धुप्प’ असा खचल्याचा आवाज आला किंवा पायापासून भेग धावत गेली, तर तेथूनच मागे फिरावे. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळून 25 हून अधिक जण दगावले, आणि ते गिर्यारोहणाचे रीतसर प्रशिक्षण घेणारे व देणारे लोक होते.

गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे बाहेरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. संकेत देणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे या तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे हव्यात आणि वापरता यायला हव्यात. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला विचारावे, की ही साधने तुम्ही देता का, चंदीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज पाहता का, आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतर तुकडी किती वेळ थांबवता. उत्तरे गुळमुळीत आली, तर दुसरा आयोजक शोधावा.