आमची वाटचाल : लेथवरच्या टिपेपासून छापलेल्या नोजलपर्यंत

वणी-वरोरा रस्त्यालगतचं आमचं वर्कशॉप सुरू झालं ते ट्रॉल्या, वखरं आणि पंपांच्या कामावर. पुढे कोळसा खाणींच्या ठेकेदारांची कामं यायला लागली आणि मिग मशीन (सतत पुढे सरकणाऱ्या तारेने वेल्डिंग करणारं) दिवसरात्र चालू झालं. मिगमध्ये टिपा, म्हणजे तार जिच्यातून बाहेर येते त्या टॉर्चच्या टोकाच्या तांब्याच्या नळ्या, किती खपतात ते वापरणाऱ्यालाच माहीत. तार घासून घासून भोक लंबगोल होतं, मग आर्क एका जागी टिकत नाही. म्हणून तांबं-क्रोमियम-झिरकोनियमचा रॉड आणून टिपा आम्हीच लेथवर काढू लागलो.

थ्रीडी प्रिंटिंगचं ऐकलं की लोक विचारतात, "टिपाबी छापता का भाऊ?" नाही. लेथवर चुटकीसरशी निघणारी टिप छापणं परवडतच नाही. छापतो ते नोजल, म्हणजे टिपेभोवतीची नळी; वेल्डाला हवेपासून वाचवणारा गॅस तिच्यातून येतो.

त्याला कारण खाणीतल्या खोदयंत्रांच्या बकेटा. बकेटीचे दात ज्यावर बसतात ते अडॅप्टर वेल्ड करताना कोपरा एवढा अडचणीचा, की बाजारातलं नोजल आत शिरत नाही. तार लांब काढावी लागते, गॅस पोचत नाही आणि वेल्डात ब्लोहोल, म्हणजे बारीक पोकळ्या. आम्हाला निमुळतं नोजल हवं होतं, आणि गॅसची वाट भिंतीतूनच वळवलेली. ड्रिल सरळच जातं; वळणदार भोक छापूनच मिळतं.

डिझाइन भाच्याचं. मापं जुळवायला आधी पीएलए प्लास्टिकमध्ये छापतो (मे महिन्यात ते मॉडेल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, साठेक अंशाला पीएलए मऊ पडतं). धातूचं प्रिंटिंग पुण्याहून जॉबवर्कने; त्यात लेसरने धातूची पावडर थराथराने वितळवतात. शुद्ध तांबं इन्फ्रारेड लेसर परतवून लावतं. पितळेतलं जस्त ९०७ अंशालाच उकळून उडतं, तांबं वितळतं १०८५ला. म्हणजे पितळही बाद. शेवटी कथलाचं ब्रॉन्झ (तांबं आणि कथलाचा मिश्रधातू) घेतलं. ते तांब्याइतकी उष्णता ओढून नेत नाही, म्हणून हे नोजल जड करंटच्या कामाला आम्ही देत नाही, कितीही मागितलं तरी.

छापून आलेला नग तसाच लावता येत नाही. वाटेत अडकलेली पावडर हवेने काढायची, आटे टॅपने पाडायचे, तोंड आतून घासून गुळगुळीत करायचं. खरबरीत राहिलं की स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले धातूचे थेंब) असा चिकटतो की पक्कडीनेही निघत नाही. हे काम पुन्हा आमच्या लेथवाल्याकडेच.

पोट अजून टिपांवरच भरतं. छापलेलं नोजल महाग आहे, साध्या जॉबला ते घेऊ नका. अडचणीचा कोपरा असेल तर जॉबचा फोटो, माप आणि टॉर्चची कंपनी कळवा; आटे प्रत्येकाचे वेगळे असतात.