‘किरण’ हे मुलाचे नाव ना?

तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. हा प्रश्न नेहमी दोन टप्प्यांत येतो. आधी ‘किरण हे मुलाचे नाव ना?’ असे विचारले जाते. मग मी तिसरी मुलगी आहे आणि माझ्या पाठीवर भाऊ नाही हे कळले, की आवाज जरा खाली आणून, ‘वडिलांना मुलगा हवा होता का?’ सांगलीत बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दाताच्या दवाखान्यात तोंड उघडे ठेवून बसलेली असताना मला हे विचारले गेले आहे. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते, हे मला मान्य आहे. मात्र आमच्याच कार्यालयात आणखी एक किरण आहेत, ते गृहस्थ आहेत, आणि त्यांना त्यांच्या नावाबद्दल कोणी काही विचारल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

पहिल्या टप्प्याचे उत्तर माझ्याकडे तयार असते. मी संस्कृत घेऊन पदवी केली, आणि त्यामागे हे नाव मुळीच नव्हते असे म्हणवत नाही. विखुरणे, उधळणे या अर्थाच्या ‘कॄ’ धातूपासून ‘किरण’ झाला. संस्कृतात तो पुल्लिंगी आहे आणि मराठीतही आपण ‘तो किरण’ असेच म्हणतो. हिंदीत मात्र हाच शब्द स्त्रीलिंगी झाला, त्यामुळे उत्तरेकडे किरण म्हटले की बाईच डोळ्यांसमोर येण्याची शक्यता अधिक. १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी किरण बेदी अमृतसरच्या, तर यष्टिरक्षक किरण मोरे बडोद्याच्या मराठी घरातले. महाराष्ट्रात हे नाव पुरुषांकडे झुकलेले आहे, एवढेच. शिवाय आपल्या भाषेत ‘आला’ की ‘आली’ हे ठरवल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही आणि आदरार्थी बोलायचे म्हटले तरी ‘आले’ आणि ‘आल्या’ यांतून सुटका नसते, म्हणून दूरध्वनीवर माझे नाव उच्चारून झाल्यावर माणसे क्षणभर अडखळतात.

मुलीचे नाव कसे असावे, हे जुन्या शास्त्रकारांनी ठरवून ठेवले होते. पारस्कर गृह्यसूत्र सांगते की मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, मुलीचे विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. मनुस्मृतीही मुलीच्या नावाच्या शेवटी दीर्घ स्वर मागते. पोथी आता कोणी उघडत नाही, पण कान अजून तोच नियम पाळतात. ज्याच्या अंगावर ससा दिसतो तो ‘शशिन्’, म्हणजे चंद्र. शब्द पक्का पुल्लिंगी, पण शेवटी ‘ई’ ऐकू आली आणि ‘शशी’ हे नाव मुलींनाही चालून गेले. याउलट ‘शिरीष’ पाहा. कुमारसंभवात तपाला निघालेल्या उमेला तिची आई मेना सांगते, की शिरीषाचे फूल भुंग्याचे पाऊल सोसेल, पण पक्ष्याचे सोसणार नाही. मुलीच्या नाजूकपणासाठी कालिदासाला हेच फूल सुचले. आपण मात्र शिरीष नावाची मुलगी ऐकली तर दचकू, कारण शेवटी ‘ष’ येतो. ‘किरण’ची अक्षरे तीन आहेत, म्हणजे विषम आहेत. पारस्करांच्या परीक्षेत मी निम्म्या गुणांनी उत्तीर्ण होते.

आणि सांगलीकरांनी तरी हे विचारू नये. इथल्या जैन घरांत शीतल नावाचे पुरुष वाटेल तितके सापडतात, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ. तेरावे विमलनाथ, म्हणून विमलही पुरुष असू शकतो. पुण्यात गेल्यावर आमच्या एका शीतलरावांना ‘मॅडम आहेत का?’ असे विचारले जाते आणि ते हसून सोडून देतात. त्यांना ते परवडते, कारण त्यांच्या नावामागे देऊळ उभे आहे. माझ्या नावामागे लोकांना फक्त आईवडिलांची निराशा दिसते.

येथे दुसरा टप्पा सुरू होतो. महाविद्यालयात असताना मी तो वर दिलेल्या माहितीखाली दडपून टाकत असे. धातू सांगायचा, हिंदी आणि मराठीतला लिंगभेद सांगायचा, समोरचा कंटाळला की विषय संपायचा. एकदा एका मैत्रिणीच्या आईने मला थांबवून म्हटले होते, ‘बाळ, निदान नकुशा तरी नाही ठेवलं.’ तेव्हा मला तिचा संताप आला होता. पुढे २०११ साली शेजारच्या सातारा जिल्ह्यात नकुशा, नकोशी अशा नावांच्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली, आणि ती बातमी वाचताना मला त्या बाईचे बोलणे आठवले. ज्या घरात मुले जगत नसत तिथे मुलाला दगडू, धोंडू, केरू, भिकू म्हणायचे, ते त्याला दृष्ट लागू नये आणि तो टिकावा म्हणून. मुलीला नकुशा म्हणायचे ते पुढची मुलगी होऊ नये म्हणून. दोन्ही नावे ओबडधोबडच, पण एक नाव त्या मुलासाठी असते आणि दुसरे त्या मुलीसाठी नसतेच. माझे नाव यांपैकी कशात बसते, हे ज्यांनी ते ठेवले त्यांनाच ठाऊक. थोरली सुनीता, मधली अनिता. त्याच चालीवर सविता किंवा कविता यायला हवी होती. अण्णा सांगत, की मी सूर्य उगवताना जन्मले म्हणून किरण. आई म्हणते, दिवेलागण झाली होती.

अण्णा गेले त्यानंतरची गोष्ट. तासगाव तालुक्यात आमची थोडी द्राक्षबाग आहे. तिची वारस नोंद करायची होती. वारसांची नावे आधी तलाठ्याकडच्या गाव नमुना सहा-क मध्ये चढतात, मग फेरफार होतो, आणि त्यासाठी वारसांचे प्रतिज्ञापत्र लागते. ते चुलत भावाने तहसीलसमोरच्या एका टंकलेखकाकडून करून आणले होते. उन्हाळ्याचे दिवस होते. आई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती, आम्ही तिघी भोवती होतो, आणि तिची सही होण्यापूर्वी मी तो कागद मोठ्याने वाचत होते. मयताची पत्नी, म्हणून आईचे नाव. सुनीता, नाते मुलगी. अनिता, नाते मुलगी. किरण, नाते मुलगा. टंकलेखकाने नाव पाहिले आणि त्याच्या बोटांनी त्याच्या कानांचे ऐकले, इतकेच घडले होते. चुलत भाऊ मोठ्याने हसला आणि म्हणाला, ‘घ्या काकू, शेवटी मुलगा झाला तुम्हाला.’ थोरलीही हसली. मी लेखणी काढून ‘मुलगा’वर रेघ मारणार, तेवढ्यात आई म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे की तसंच.’

मी तिच्याकडे पाहिले, तर ती हसत नव्हती. भावाने समजावले, की आधार कार्डावर स्त्री आहे, पुढे अडचण येईल. आई म्हणाली, ‘कागदावर असंना का. कुणाचं काय जातंय.’ मग ती उठून पाणी आणायला आत गेली. तो मसुदा मी रद्द करवला आणि नवा करून घेतला. आता सगळीकडे मी मुलगी आहे. फेरफारही मंजूर झाला. पण आईच्या त्या वाक्याचे काय करायचे, हे मला आजही समजलेले नाही. तिला मुलगा हवा होता आणि तो निदान कागदावर तरी असावा असे तिला वाटले, हा एक अर्थ. उन्हात पुन्हा तासगावला हेलपाटा नको, हाही अर्थ असू शकतो. नुकतीच नवरा गेलेली बाई थकलेली असते. तिसरा अर्थ मला नंतर सुचला. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला हे तिला मी सांगितले होते, पण तिने आयुष्यभर पाहिले होते ते भावांसाठी हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या बहिणी आणि नुसत्या मुली असलेल्या घराच्या बांधावर रेंगाळणारे भाऊबंद. कायद्यापेक्षा दप्तरातल्या ‘मुलगा’ या शब्दावर तिचा भरवसा जास्त असेल, तर ते वाक्य ती माझ्यासाठीच बोलली होती.

विशीतली मी या सगळ्याला हसले असते. तिचे म्हणणे असे, की नाव हे उच्चार आणि अर्थ यांच्यापलीकडे काही नसते, ठेवणाऱ्याचा हेतू त्याच्याबरोबर जातो. मी तिला विचारते, की मग तू प्रत्येकाला धातू का सांगत सुटायचीस? ती म्हणते, की लोक विचारायचे म्हणून. हा वाद इथून पुढे सरकत नाही.

मी तिच्या बाजूने एक पुरावा देऊ शकते. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सासरकडून ‘कीर्ती’ सुचवले गेले. व्याह्यांसमोर कधी वर मान न करणारे अण्णा पुढे आले आणि म्हणाले, की नाव किरणच राहील. तांदळात किरणच लिहिले गेले, आणि कितीतरी वर्षे मी ही गोष्ट अभिमानाने सांगत आले आहे. परंतु थोरलीच्या लग्नात सुनीताची शुभांगी झाली तेव्हा अण्णा त्याच मांडवात होते आणि काही बोलले नव्हते. त्यांना ‘किरण’ हे नाव प्रिय होते, की त्या नावात त्यांनी आणखी कोणाला तरी जपून ठेवले होते, हे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी यापुढे मला न विचारता शुभांगीताईंना विचारावे. तिचे उत्तर माझ्यापेक्षा वेगळे आहे, आणि मला ती ते पुरते सांगत नाही.