घर विकायचं तर आधी घराला विचारलं का

सोमवार, रात्री साडेअकरा

आज कानबाईचं, आमच्या खान्देशातल्या देवीचं, विसर्जन करून आलो, पाय भरून आलेत पण झोप नाही म्हणून लिहायला बसलो. गुरुवारी अमळनेरला खरेदीखत आहे, म्हणजे या धाब्याच्या, मातीच्या सपाट छताच्या घरात आजची धरून तीनच रात्री. दर उन्हाळ्यात याच धाब्यावर वडिलांसोबत, आप्पांसोबत खारी माती टाकायचो, ते हात अजून आठवतात.

दोन वर्षं गिऱ्हाईक टिकत नव्हतं. माणूस यायचा, सागाचं लाकूड बघून खूष व्हायचा, इसाराची तारीख ठरायची आणि मग फोन लागायचा नाही. मग ज्याने जे सांगितलं ते आईने केलं. लाल कपड्यात नारळ दाराला बांधून झाला, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ झाली, नंतर पाच मंगळवार अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात. मंगळ म्हणजे भूमीचा मुलगा, म्हणून शेतीवाले, प्लॉटवाले, ज्यांचा जमिनीचा व्यवहार अडकलाय असे सगळे तिथे येतात, मंगळवारी तर काय गर्दी असते. रांगेत माझ्या पुढे एक शेतकरी होता, बांधाच्या भांडणासाठी आलेला, मला म्हणाला, जमिनीचं दुखणं जमिनीच्या लेकालाच सांगायचं. मला ते मनापासून पटलं.

त्याच दिवसांत अमेरिकेतल्या मावसबहिणीशी फोनवर बोलणं झालं. तिच्या शेजारच्या कॅथलिक बाईचं घर विकत नव्हतं, तर तिने म्हणे संत जोसेफची छोटी मूर्ती अंगणात डोकं खाली पाय वर करून पुरली. जोसेफ सुतार, येशूला वाढवणारा, घर-कुटुंबाचा राखणदार. तिकडे त्यासाठी मूर्ती आणि माहितीचा कागद असा सेटच विकत मिळतो. मॉन्ट्रिअलच्या ब्रदर आंद्रेंची गोष्टही सांगतात, त्यांनी माउंट रॉयलच्या उतारावर जोसेफची पदकं ठेवली होती आणि 1896 मध्ये ती जमीन त्यांच्या संस्थेला मिळाली. घर विकलं की मूर्ती उकरून धुवून नव्या घरात मानाने ठेवायची.

हे ऐकून मी आईकडे बघितलं, कारण आपलाही वास्तुपुरुष पालथाच असतो ना. आजोबांनी वास्तुशांत केली तेव्हा आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून सप्तधान्यासोबत प्रतिमा पालथी ठेवली, ती अजून तिथेच आहे. फरक एवढाच की ते त्यांचा देव उकरून सोबत नेतात आणि आपण आपला तिथेच ठेवून निघतो, घर ज्याचं होईल त्याच्यासाठी. तेव्हापासून माझ्या मनात घोळत होतं की घरात शिरायला एवढे विधी आहेत, निघायचं कसं ते कोणी सांगितलंच नाही.

ते शेजारच्या जिजीने सांगितलं. आईला म्हणाली, "घर इकनं शे ना, मंग आधी घरले इचारं का? अन भाऊबंदकीले?"

खरं अडलं होतं तिथेच. नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, आप्पांसोबत सुरतच्या काकांचं नाव, आणि आप्पा गेल्यापासून काकांशी बोलणं बंद. गिऱ्हाईक कागद बघायचं आणि पळायचं. हे मला माहीत होतं, पण फोन करायची माझी हिंमत होत नव्हती.

मग आईनेच ठरवलं, शेवटची कानबाई याच घरात बसवायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे रोट असतात, घरातल्या पुरुषांच्या हिशोबाने सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे आणि ते रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. आईने काकांच्या आणि त्यांच्या दोन्ही मुलांच्या नावाचेही गहू मोजले आणि स्वतः फोन केला, "भाऊजी, तुमच्या नावाचे गहू दळलेत." एवढंच बोलली.

काका शनिवारी रात्रीच आले. काल रोट, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, रात्रभर गाणी, आणि आज बोरी नदीवरून परत येताना ओल्या कपड्यांतच मला म्हणाले, गुरुवारी किती वाजता यायचं. मला काही बोलताच आलं नाही, नुसती मान हलवली.

संध्याकाळी घर घेणारे नवरा-बायको आले होते. काकांनी त्यांना हाताला धरून आग्नेय कोपरा दाखवला, इथे आहे बरं का, इथे पहार मारू नका. त्या बाईने डोक्यावर पदर घेतला, खाली वाकून हात टेकवला. ते गेल्यावर आईने तेवढाच कोपरा शेणाने सारवला, दिवा लावला आणि कितीतरी वेळ तिथे बसली. उठताना भिंतीला हात लावून हळूच आमच्या अहिराणीत म्हणाली, "येस मी." येते मी.

दिवा अजून जळतोय.