एकच सिलिंडर मिसिंग मारत होता, फॉल्ट घरीच शोधला: माझा अनुभव

पावसाळ्यात आमची पेट्रोल गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल मधे मधे पेटतच नव्हतं. चार सिलिंडरची साधी हॅचबॅक, बीएस-४, रनिंग लाखाच्या आसपास. सिग्नलला उभी केली की स्टिअरिंग थरथरायचं, एसी लावला की जास्तच, आरपीएमचा काटा ८०० वरनं खाली साडेपाचशेपर्यंत यायचा आणि परत वर जायचा, कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत तर कधी कधी बंदच पडायची. एवढं असूनही रस्त्यावर स्पीड घेतला की बरी वाटायची म्हणून चालवत होतो. मग पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं चढाला पिकअपच गेला आणि इंजिन लाइट नुसती लागली नाही, ब्लिंक व्हायला लागली. तिथंच गाडी बाजूला घेतली. ही गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, लाइट स्थिर असली तर गाडी हळू चालवत घरी नेता येते, पण ब्लिंक होत असली तर मिसिंग एवढं जोरात आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतंय, आणि तो तापून खराब झाला तर खर्च बाकी सगळ्या पार्टपेक्षा मोठा. थोडा वेळ थांबून एसी बंद ठेवून अगदी हलक्या पायानं खाली आणली.

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि म्हणाले चारी प्लग, चारी कॉइल बदलूया, इंजेक्टर क्लीनिंग करूया, मग बघू. (प्लग सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो, कॉइल त्याला वीज देते, इंजेक्टर पेट्रोल फवारतो.) मला त्या ‘मग बघू’चाच राग येतो. पैसे आपले जाणार, आणि गाडी नीट झाली तरी नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

आमचे आण्णा, म्हणजे माझे चुलते, यांची सगळी हयात उद्यमनगरात गेली, आधी ऑइल इंजिनाच्या कारखान्यात, नंतर लेथवर. त्यांना फोन केला तर म्हणाले, "आरं, इंजिन जुनं असू दे न्हाईतर नवं, ठिणगी, इंधन, हवा आणि दाब, एवढंच लागतंय त्याला. कुठल्या सिलिंडरला ह्यातलं काय मिळंना ते आधी हुडीक, पार्ट मग आण." पुढचं सगळं मी याच रस्त्यानं केलं.

पहिलं काम स्कॅनर लावायचं. ब्लूटूथवाला स्वस्तातला मिळतो, स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतो त्यात बसवायचा आणि मोबाइलवर ॲप. फॉल्टचा कोड आला पी०३०३. पी०३०० आला तर कुठलाही सिलिंडर अधूनमधून मिस होतोय, आणि शेवटी १ ते ४ यातला आकडा आला तर तेवढ्याच नंबरचा सिलिंडर. गाडीला हे कळतं कसं याचं मला लई कौतुक वाटलं. क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा इंजिनचा दांडा, त्याच्या सेन्सरवरनं ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, क्रँकचा वेग मोजत असतो, प्रत्येक स्फोटाला क्रँकला धक्का मिळून वेग किंचित वाढतो, ज्या सिलिंडरच्या पाळीला तो वाढत नाही त्याचं नाव तो लिहून ठेवतो. ८०० आरपीएमला चार सिलिंडर मिळून मिनिटाला १६०० स्फोट होतात, त्यातले एका सिलिंडरचे ४००. तेच गायब झाले तर गाडी थरथरणारच, आणि स्पीडला फिरण्याचा जोर असल्यानं तेच झाकलं जातं.

पण कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून अदलाबदल. आमच्या गाडीला प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, एक बोल्ट काढला की वर निघते. इंजिन गार असताना, चावी काढून, ३ नंबरची कॉइल १ नंबरला आणि १ ची ३ ला लावली, कोड पुसला, गाडी चालू ठेवली. कॉइल खराब असती तर कोड पी०३०१ झाला असता. आला परत पी०३०३ च. म्हणजे कॉइल चांगली, आणि फुकटात कळलं. एका वेळी एकच वस्तू हलवायची बरं का, कॉइल आणि प्लग एकदम हलवले तर फॉल्ट कशाबरोबर सरकला तेच कळत नाही.

मग प्लग. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम इंजिनात प्लग काढू नका, आटे जातात. आधी भोकाभोवतीची धूळ हवेनं उडवली, कारण ती आत पडली तर सिलिंडरमध्येच जाणार. चारी प्लग काढून पेपरवर नंबरप्रमाणं ओळीनं ठेवले आणि खरं तर इथंच निम्मं उत्तर समोर होतं. १, २ आणि ४ चे प्लग हलके तपकिरी, ३ चा मात्र कोरडा आणि पांढरट. ठिणगी पडत नसती तर पेट्रोल तसंच राहून प्लग ओला निघाला असता, वास आला असता. हा कोरडा होता म्हणजे पेट्रोलच नीट पोचत नसणार. खात्रीसाठी हा प्लग २ नंबरला टाकून बघितला, तरी कोड ३ लाच चिकटलेला.

आण्णांनी तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघच म्हणून सांगितलं आणि उद्यमनगरातल्या त्यांच्या ओळखीच्या मेस्त्रीकडनं गेज घेऊन रविवारी स्वतः आले. चारी प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कनेक्टर काढलेले, मी एक्सलेटर पूर्ण दाबून सेल मारत होतो आणि ते गेज धरून बसलेले. चारी सिलिंडर १७० ते १८० पीएसआयच्या मधे आले. यात नुसता आकडा बघायचा नसतो, एकमेकांतला फरक बघायचा, एखादा बराच खाली असला तर व्हॉल्व्ह, रिंग नाहीतर गॅस्केट. आमचे जवळजवळ सारखे. आण्णांनी गेज पुसून पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, "इंजिन खणखणीत हाय तुझं, आता वरचंच काहीतरी."

राहिला इंजेक्टर. गाडी चालू करून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की टिकटिक ऐकू येते. तिघांची एकसारखी, ३ ची तुटक, मधेच थांबायची. बंद करून मल्टिमीटर लावला तर १३ ओहमच्या आसपास, बाकीच्यांइतकाच, म्हणजे आतली वाइंडिंग शाबूत. चावी ऑन करून कनेक्टरच्या एका पिनला १२ व्होल्ट पण येत होते. दुसरी वायर ईसीयूकडं जाते, ईसीयू ती क्षणभर अर्थ करतो, म्हणजे निगेटिव्हला जोडतो, तेव्हा इंजेक्टर उघडतो. आता संशयाला एवढी एकच वायर उरली.

गाडी चालू ठेवून वायरिंग हातानं हळूहळू हलवत गेलो, पंख्यापासून हात लांब ठेवून. हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली जिथं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वळते तिथं हात लावला आणि आवाजच बदलला, गाडी क्षणभर एकदम सरळ चालली, सोडल्यावर परत थरथर. जरा ओढली तर नवीन कोड आला पी०२०३, म्हणजे ३ नंबरच्या इंजेक्टरचं सर्किट. तो कोड मोबाइलवर बघून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही! बॅटरीची निगेटिव्ह काढली, वरची काळी टेप सोडली, तर आत उंदरानं कुरतडलेलं. दोन वायरींचं नुसतं कव्हर गेलेलं, एकीचे तांब्याचे दोन-तीनच तार राहिलेले आणि तेही ओलीनं हिरवे पडलेले. आम्ही फुलेवाडीच्या पुढं राहतो, मागं ऊस आहे, पावसात रानात पाणी साठलं की उंदीर वर घरांकडं येतात आणि रात्री गरम इंजिन त्यांना बरं पडतं.

हिरवा भाग कापून टाकला, तेवढ्याच जाडीच्या वायरचा तुकडा जोडून सोल्डर केलं, वर हीट श्रिंक स्लीव्ह, मग टेप. नुसतं पीळ देऊन टेप मारू नका, इंजिनच्या थरथरीनं परत सुटतं. ज्या दोन वायरींचं नुसतं कव्हर गेलं होतं त्याही झाकल्या. कोड पुसून गाडी चालू केली, मिसिंग गेलं.

आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, मात्र अजून थोडं वरखाली होत होतं, गाडी गार असताना जास्त. एअर फिल्टरचा पाइप काढून बघितलं तर थ्रॉटलच्या, म्हणजे हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या, पाकळीच्या कडेला काळा चिकट थर. आयडलला हवा त्या कडेच्या बारीक फटीतनंच जाते, ती बुजली की ईसीयू सारखा सावरत बसतो. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून पुसून घेतलं, इलेक्ट्रॉनिक पाकळी बोटानं जबरदस्ती उघडली नाही, कारण आतला गिअर प्लॅस्टिकचा असतो. जोडल्यावर सुरवातीला आयडल जरा जास्त राहिलं, थोडं चालवल्यावर ७५० ला बसलं, आता एसी लावला तरी काटा हलत नाही.

सगळं मिळून खर्च झाला तो स्कॅनर, क्लीनरचा डबा आणि स्लीव्हचा, कॉइल एकही घेतली नाही. आता गाडी उसाच्या बाजूच्या भिंतीला लावत नाही, रस्त्याकडच्या बाजूला लावतो, हार्नेसला त्या वळणावर बारीक तारेची जाळी गुंडाळलीय आणि पावसाळ्यात आठवड्यातनं एकदा बॉनेट उघडून टॉर्च मारतो, लेंड्या किंवा कापसाचे बोळे दिसले तर लगेच काढतो. शेताच्या कडेला राहणाऱ्यांची गाडी पावसात अचानक मिसिंग मारायला लागली तर प्लग-कॉइलच्या आधी वायरिंगवरनं एकदा हात फिरवून बघा.