तुम्ही विचारलंत म्हणून: खुर्ची फेकणारा कोच टिकला कसा?

ब्लूमिंग्टनला शिकलो म्हटलं की बास्केटबॉलवेडे लोक मला हमखास विचारतात: तुमच्या इंडियाना विद्यापीठात तो खुर्ची फेकणारा बास्केटबॉल कोच बॉबी नाइट होता ना? असला माणूस २९ वर्षं टिकला कसा?

जिंकून टिकला. पण एवढंच सांगितलं तर नाइटवर अन्याय होईल, आणि विद्यापीठावर उगाच उपकार.

आधी ती खुर्ची. २३ फेब्रुवारी १९८५, इंडियानाचं घरचं मैदान असेंब्ली हॉल, समोर हाडवैरी पर्ड्यू विद्यापीठ. सामना जेमतेम रंगात येतोय तोच नाइट पंचांवर भडकले आणि त्यांना टेक्निकल फाउल (गैरवर्तनाचा दंड) बसला. पर्ड्यूचा स्टीव्ह रीड त्या फाउलच्या फ्री थ्रोसाठी, म्हणजे बिनअडथळ्याच्या नेमबाजीसाठी, उभा राहिला, आणि नाइटनी बाकाजवळची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलून भिरकावली. ती कोर्टवरून घसरत थेट पलीकडे गेली. शिक्षा? एका सामन्याची बंदी!

कारण १९७६ आणि १९८१ ची कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय विजेतेपदं तोवर त्यांच्या नावावर होती. त्यातला ७६ चा संघ ३२ पैकी ३२ सामने जिंकला होता. अमेरिकेच्या संघाचे कोच म्हणून ८४ चं ऑलिंपिक सुवर्णही होतं, ज्या संघात कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मायकेल जॉर्डन होता. ८७ ला तिसरं विजेतेपद आलं.

त्यांच्या मोशन ऑफेन्समध्ये, म्हणजे आक्रमणाच्या पद्धतीत, पाठ करायच्या चाली फारशा नसत. पाचही जणांनी समोरच्याचा बचाव वाचत सतत हलत राहायचं, एकमेकांसाठी स्क्रीन लावायची, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवायची. एकजण अर्धं पाऊल उशिरा पोचला की सगळं फिसकटतं. ते अर्धं पाऊल नाइटना दिसायचं आणि सहन व्हायचं नाही. लोक म्हणतात, त्या रागानंच संघ घडला. मला नाही पटत. आर्मीत (लष्करी अकादमीच्या संघात) त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या माइक शशेव्हस्कींनी पुढे ड्यूक विद्यापीठात कोच म्हणून पाच विजेतेपदं मिळवली, खुर्ची न फेकता.

(अपघातात अपंग झालेल्या आपल्या खेळाडूसाठी, लँडन टर्नरसाठी, पैसे उभे करणारे, त्याला संघाचा कर्णधार म्हणून मान देणारेही हेच नाइट. माणसाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.)

मी तिथे होतो तेव्हा, २००० साली, दिवस फिरले होते. १९९४ नंतर संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीपुढे गेलेला नव्हता. त्यातच १९९७ च्या सरावाची टेप टीव्हीवर आली, आपल्याच खेळाडूच्या गळ्याला हात घातलेले नाइट. मे महिन्यात ताकीद मिळाली: यापुढे एकही चूक चालणार नाही. सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थ्यानं त्यांना नुसत्या आडनावानं हाक मारली, त्यांनी त्याचा दंड धरून सभ्यतेवर व्याख्यान दिलं, आणि १० सप्टेंबरला नोकरी गेली. त्या रात्री हजारो पोरं रस्त्यावर उतरली. माझा रूममेटही गेला. पहाटे घसा बसवून परतला. १९७९ मध्ये पोर्तो रिकोत पोलिसाला मारल्याचं प्रकरण पचवलेलं विद्यापीठ एका धरलेल्या दंडावरून एवढं हळवं झालं, याचं मला तेव्हाही हसू आलं होतं. संघ पहिल्याच फेरीत गारद होत नसता, तर?

टेक्सास टेक विद्यापीठात कोच म्हणून जाऊन त्यांनी विजयांचा आकडा ९०२ वर नेला. इंडियानाशी अबोला मात्र २० वर्षं. ८ फेब्रुवारी २०२० ला, मध्यंतरात, ७९ वर्षांचे नाइट जुन्या खेळाडूंच्या गराड्यात सावकाश असेंब्ली हॉलमध्ये आले. समोर पुन्हा पर्ड्यूच. हॉल उभा राहून ओरडत होता. मी घरी टीव्हीसमोर, आणि मीही उभाच होतो.