गिझर बंद केलास का?

टळटळीत दुपारी बाथरूममधून प्लंबरने हाक मारली, "काका, हे बघा जरा." त्याच्या हातात एक वाकडी तार होती, वीतभर लांब, जागोजागी पांढुरक्या गाठी चिकटलेली. मूळची ही मॅग्नेशियमची चांगली जाडजूड कांडी. गिझरच्या टाकीच्या पोलादाला गंज चढू नये म्हणून पाणी आधी हिला खातं. ही संपली की मोर्चा टाकीकडे. "टाकी गेली," त्याने ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या डॉक्टरच्या आवाजात सांगितलं आणि गिझर बादलीत उपडा केला. खळखळ करत पांढरे कपचे पडले. उन्हाळाभर आमच्या सोसायटीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. पाणी तापलं की त्यातला क्षार कॉईलवर नि तळाशी बसणारच.

त्या कांडीचं मात्र वाईट वाटलं. इतकी वर्षं आत बसून झिजत होती आणि घरात कोणाला तिचा पत्ता नव्हता. आम्हाला गिझरबद्दल एकच वाक्य येतं, "बंद केलास का?" रिक्षात बसलो की ते आठवतं. वास्तविक थर्मोस्टॅट असतो. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. २००० वॅटच्या कॉईलला वीस-बावीस मिनिटं पुरतात, मग दिवा आपोआप जातो. हे मी हिला अनेकदा समजावलं आहे आणि समजावून झाल्यावर स्वतः जिना चढून बटण बघून आलो आहे. शिवाय बटण बंद केल्याशिवाय अंगावर तांब्या घ्यायचा नाही, हा आमच्या पिढीचा सोवळ्याचा नियम. अर्थिंग कितीही चांगलं असो.

साताऱ्याच्या घरी मागच्या पडवीत पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडं, त्यात वरून बंबफोड, म्हणजे बारीक फोडलेली लाकडं, आणि करवंट्या टाकायच्या, खालच्या जाळीतून राख. वखारीतून बंबफोडीचं पोतं आलं की ओली निघाली म्हणून आजी वखारवाल्याच्या नावाने सकाळभर बोलायची. बंबाचा कायदा एकच : एक बादली गरम काढली की एक बादली गार ओतायची. पाणी खाली गेलं आणि जाळ चालू राहिला तर बंबाच्या सांध्यांचा डाख सुटायचा. ओतायचा कंटाळा सगळ्यांनाच. आमचा एक चुलतभाऊ बादली भरून घ्यायचा आणि मागच्या माणसाचं नाव सांगून न्हाणीत घुसायचा. आजी काही बोलायची नाही. येऊन बोटाच्या पेराने बंब वरून खाली वाजवत जायची. टण्, टण्, टण्, आणि एका जागी आवाज बद्द व्हायचा. तिथवर पाणी. मग न्हाणीच्या दाराशी उभी राहून, "बाहेर ये, मेल्या!"

पहिला नंबर आजोबांचा, पूजेसाठी. मग शाळेची पोरं, मग ऑफिसवाले. बायकांच्या वाट्याला यायचं ते गार ओतून ओतून कोमट झालेलं, विसण घालायची गरज नसलेलं पाणी. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं आठवत नाही. ऐकायला आम्ही तिथे नसूही. दिवाळीच्या आदल्या दिवशी बंब चिंचेने घासून लखलखीत व्हायचा, त्यावर चुन्याची बोटं उठायची, गळ्यात झेंडूची माळ पडायची. गिझरला कोणी माळ घातलेली मी पाहिली नाही. एवढ्या उंचावर हात पोचणार कोणाचा?

खरं तर गिझरही बंबाचाच कायदा पाळतो. गार पाणी खालून आत येतं आणि वरचं गरम ढकलून बाहेर काढतं. म्हणूनच गच्चीवरची टाकी रिकामी झाली की काठोकाठ भरलेल्या गिझरखाली माणूस साबण लावून कोरडा उभा राहतो. एक आत आल्याशिवाय एक बाहेर नाही. चुलतभावाला इथे काही करता आलं नसतं.

संध्याकाळी दुकानात गेलो. पाच स्टारवाला, तीन लिटरचा इन्स्टंट, मग दुकानदार म्हणाला, "गॅस गिझर घ्या, स्वस्तात पडेल." नको म्हटलं. आमच्या बाथरूमची खिडकी कायम बंद असते. बंबाचा धूर डोळ्यांत जायचा, खोकला यायचा, माणूस आपोआप दार उघडायचा. हवा अपुरी पडली की गॅस गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. दर हिवाळ्यात बातमी येते : बराच वेळ झाला, आतून उत्तर नाही, शेवटी दार तोडलं. वय बहुतेक वेळा विशी-पंचविशीचं. ही म्हणाली, "विजेचाच घ्या, आणि चला."

२५ लिटरचा घेतला. दोन माणसांना एवढा कशाला, तर दिवाळीला मुलं येतात. वर्षातून एकदा कांडी बघून घ्या, असं बसवणारा बजावून गेला. बघू.

बंब पुढे मोडीत गेला. तांब्याला भाव बरा आला म्हणतात. बंब मोडीत कोणी घातला, यावर मात्र घरात अजून एकमत नाही. चुलतभाऊ माझं नाव सांगतो.