तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा सरडा रोज किती खातो?

मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की बटाटेवड्याच्या रांगेत कोणीतरी विचारतंच, "काय गं, तुमचा सरडा रोज किती खातो?" पूर्वी गंमत म्हणून विचारायचे, आता लेकीचं बघून तिच्या दोघातिघा मित्रमैत्रिणींनी हट्ट करून कॅमेलिऑनची, म्हणजे या रंग बदलणाऱ्या सरड्याची, पिल्लं घरी आणलीत, त्यामुळे त्यांच्या आया खरंच काळजीने विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

आमची चिंगी व्हेल्ड कॅमेलिऑन आहे, मूळची येमेन आणि सौदीच्या नैऋत्य भागातली जात, पण ही इथेच अमेरिकेत ब्रीडरकडे जन्मलेली. पँथर वगैरे दुसऱ्या जातींचं गणित थोडं वेगळं असतं, मी सांगतेय ते व्हेल्डचं.

सरळ उत्तर हवं असेल तर पिल्लू असताना रोज, आणि मोठं होत जाईल तसं कमी कमी. इथेच आपल्या लोकांचा घोळ होतो कारण आपली सवय उलटी, "वाढतं अंग आहे, मागतंय तर दे की!" सरडा मागतच राहतो. पुढ्यात काही हललं की त्याची जीभ सुटलीच, पोट भरलंय की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो. एका दुकानात तर आम्हाला सांगितलं की रातकिडे सोडून ठेवा, हवे तेवढे खाईल. पिल्लाला हे एक वेळ चालतं, मोठ्याला नाही. आणि उरलेले रातकिडे रात्री झोपलेल्या सरड्यालाच चावतात, त्यामुळे संध्याकाळी पिंजऱ्यात काही पळत असेल तर पकडून बाहेर.

तीन-चार महिन्यांपर्यंतचं पिल्लू रोज दहा-बारा बारीक रातकिडे आरामात खातं, दोनदा विभागून दिले तरी चालतं. अगदी लहान असेल तर फळांवरच्या त्या चिलटांसारख्या माश्या, त्यांची बिनपंखी जात डब्यात विकत मिळते. साइज कसा ठरवायचा तर किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, बस. पाच-सहा महिन्यांचा झाला की एक दिवसाआड करायला लागायचं, आणि वर्षाचा झाला, म्हणजे वाढ जवळजवळ पूर्ण झाली, की नराला एक दिवसाआड चार-पाच किडे पुरतात. आकडे काटेकोर धरू नका, डोक्यावरच्या तुऱ्याच्या दोन्ही बाजू बघा. तिथे फुगवटा दिसायला लागला तर ती चरबी आहे, हात आखडता घ्या. खोल खड्डे पडलेत, डोळे आत गेलेत, तर मात्र डॉक्टर, आणि तोही सरडे बघणारा, कुत्र्यामांजरांच्या बऱ्याच डॉक्टरांना यातलं फार माहीत नसतं.

मादीचं जरा थांबून सांगते कारण हे कोणी सांगतच नाही. आधी नर की मादी ते बघा. मागच्या पायाच्या टाचेपाशी छोटासा काटा असेल तर नर, आणि तो अगदी पिल्लू असल्यापासून दिसतो. चिंगीला तो नाही. व्हेल्डची मादी नर नसतानाही अंडी घालते, आणि तिला जितकं जास्त खायला घालाल आणि उबेत ठेवाल तितकी अंडी जास्त, एका वेळी पन्नाससाठ सुद्धा. त्यात ती खंगते, अंडी आत अडकली तर मरते. म्हणून मोठ्या मादीला आठवड्यातून दोन-तीनदाच, प्रत्येक वेळी तीन-चार किडे, आणि शिवाय पिंजऱ्यात ओलसर वाळूचा फूटभर खोल डबा, म्हणजे वेळ आली तर तिला खणायला जागा. आई सांगलीहून आली होती तेव्हा चिंगीला सोमवारी मिळालं, मंगळवारी काही नाही, आणि त्या दिवशी नेमकी अंगारकी. आईने पिंजऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हिलाही उपास का गं?" मी वरचं सगळं समजावून सांगितलं तरी माझी नजर चुकवून एक रातकिडा टाकायचा तिचा विचार होता, पण चिमट्याने किडा धरायची हिंमत होईना म्हणून चिंगी वाचली.

आता काय घालायचं. रातकिडे हे मुख्य, आणि दुसरी ती दुबिया झुरळं. नाकं मुरडू नका, ती आपल्या मोरीतली झुरळं नव्हेत, गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही त्यांना, डब्यातून सुटत नाहीत. (फ्लोरिडावाल्यांनो, तुमच्याकडे ती पाळायला बंदी आहे, तुम्ही रातकिड्यांवरच भागवा.) अधूनमधून रेशमाच्या अळ्या किंवा काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या, या सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम मुळातच चांगलं असतं. मेणअळ्या म्हणजे नुसती चरबी, सणासुदीला एखादी. अंगणातले किडे पकडून घालू नका, लॉनवर काय काय फवारलेलं असतं ते आपल्याला कळत नाही. आणि काजवे तर अजिबात नाही! इथे न्यू जर्सीत जून-जुलैला संध्याकाळी काजवेच काजवे असतात आणि पोरं बरणीत भरून आणतात, पण त्यांच्यात असं विष असतं की एकच काजवा खाऊन पाळीव सरडे मेलेत.

किड्याने काय खाल्लंय हे किडा किती दिला यापेक्षा जास्त महत्त्वाचं. दुकानातून आणलेला रातकिडा उपाशीच असतो, तसाच घातला तर सरड्याच्या पोटात रिकामं टरफल जातं. आमच्याकडे ते आधी एक-दोन दिवस डब्यात राहतात, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, आणि त्यांना गाजर, रताळं, लाल भोपळ्याच्या साली, मोहरीचा पाला असं सगळं मिळतं, म्हणजे स्वयंपाक करताना जे निघतं तेच. पालक नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

आणि पावडर. किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे पिल्लाची हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा होतो. एकदा वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. म्हणून प्रत्येक वेळी किडे छोट्या डब्यात घेऊन चिमूटभर साध्या कॅल्शियम पावडरीत हलवायचे, अनारसे खसखशीत घोळवतो तसे हलक्या हाताने, पांढरेफटक करायचे नाहीत. ही पावडर व्हिटॅमिन डी3 नसलेली. डी3 असलेलं कॅल्शियम महिन्यातून दोनदा आणि मल्टिव्हिटॅमिन दोनदा, त्याहून जास्त नाही कारण डी3 अंगात साठतं आणि अपाय करतं. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, ट्यूब मात्र हवीच, ती नसेल तर या पावडरींचा फारसा उपयोग नाही, आणि ती दिसायला पेटत असली तरी तिचा यूव्हीबी कमी होत जातो, पाकिटावर लिहिलेली मुदत संपली की बदलायची. सकाळी खायला घाला, म्हणजे दिवसभर दिव्याखाली ऊब घेऊन पचवता येतं, रात्री थंडीत पोटात अन्न तसंच पडून राहतं.

पाणी वाटीत ठेवलंत तर ढुंकून बघणार नाही. पानांवरचे थेंब चाटतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा. विष्ठेतला पांढरा भाग पांढरा असेल तर ठीक, नारिंगी दिसला तर पाणी कमी पडतंय. व्हेल्ड पानंही कुरतडतो, म्हणून पिंजऱ्यात जास्वंद वगैरे चालणारीच झाडं, आणि तीही औषध न मारलेली.

पुण्याहून भाचा विचारतो की आपल्याकडचा झाडावरचा पकडून पाळू का. नाही रे बाबा, भारतातला कॅमेलिऑन 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तो झाडावरच असू दे.

राहिला सुट्टीचा प्रश्न. मोठा, धडधाकट सरडा दोन-तीन दिवस खाल्ल्याशिवाय सहज राहतो, पाण्याशिवाय नाही, आणि पिल्लू असेल तर कोणीतरी रोज घरी यायलाच हवं. आमची शेजारीण येते, फवारा मारते, दिवे बघते. झुरळांच्या डब्याला हात लावणार नाही हे तिने आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे चिंगी पिल्लू होती तोवर आम्ही लांबची ट्रिप काढलीच नाही.